म्हणजे-मास्तर आणि आडातला नाग

भाऊजी, नागासाठी आडात दिवा सोडणारी बाई मीच. दीक्षेच्या सगळ्या प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली, समाज मंदिरात पहिल्या रांगेत बसणारी, पौर्णिमेची पांढरी साडी घडी न मोडता जपणारी. दुष्काळाच्या साली, दिवेलागणीला, कुणी बघत नाही असं बघून मी वस्तीतल्या जुन्या आडावर गेले, पोहऱ्यात रॉकेलची चिमणी पेटवून ठेवली आणि दोर हळूहळू खाली सोडला. नागाला उजेड दाखवावा, हात जोडावेत, उद्या आमची माणसं गाळ काढायला उतरणार आहेत तर रागावू नको म्हणून सांगावं, एवढाच बेत. नाग खाली आहे याबद्दल मला शंका नव्हती. तुम्हीच तर वाचून दाखवलं होतं.

त्या वेळची मी आज समोर आली तर तिला आधी तांब्याभर पाणी पाजीन आणि मग दोन लगावीन. काय तिची ऐट! सातवी पास, म्हणून वस्तीतल्या बायकांत स्वतःला अर्धी मास्तरीण समजायची. वंदना म्हणताना सगळ्यांपेक्षा सूर वर. कुणाच्या पेटीत जुन्या देवाचा टाक निघाला की हीच पुढे होऊन सांगणार, हे आपल्यात चालत न्हाई बरं का. आणि तीच बया नागाला दिवा दाखवायला निघाली. तिच्या डोक्यातला हिशेब सरळ होता: बाकीच्यांच्या पोथ्यांतलं ते खोटं, हा नाग मात्र आपल्या ग्रंथातला, त्यामुळे खरा.

तुमच्या शाळेची माणसं स्मरणिका काढणार आहेत. वहिनींनी दोन पानं द्यावीत म्हणतात. तुमचा जन्म, नोकऱ्या, बदल्या, शाली, सत्कार हे बाकीचे लिहितील. त्यांना ते येतं. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचंय. दादा कुणामुळे गेले, एवढंच ते भांडण. इतकी वर्षं ते मी माझं माझ्याशीच करत होते, कारण दोष माझा आहे अशी माझी खात्री होती. गेल्या आठवड्यात ते एकदम तुमच्याकडे वळलं. आणि तुम्ही तर आधीच निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

मी हदगावची. लग्न होऊन औशाजवळच्या तुमच्या गावात आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात आणि तुमचे दादा, माझा नवरा, खडी फोडत होते. त्यांच्या तळहाताला फोड यायचे आणि तुमच्या हातात पुस्तकं. माझ्या बोलण्याला तुम्ही पहिल्या दिवसापासून हसलात. मी विचारायचे, काय करून राहिले भाऊजी? तुम्ही सरळ चेहऱ्याने सांगायचात, बसून राहिलो वहिनी. मी पण तुमच्या ‘काय करलालाव’ला सोडत नव्हते. दादा मधे बसून दोघांची मजा बघायचे. ते हसताना मान खाली घालायचे, जणू हसणं म्हणजे काही चोरी आहे.

आपलं खरं वाजायचं ते ग्रंथावरून. माझं म्हणणं, लिहिलंय ते तसंच घडलं. तुमचं म्हणणं, लिहिलंय त्याच्या आत बघा. तुमच्या प्रत्येक वाक्यात एक ‘म्हणजे’ असायचा. बोधीच्या झाडाखाली आडवा आलेला मार म्हणजे आपल्याच मनातली भीती. बाळ जन्मताच सात पावलं चाललं म्हणजे त्या विचाराची वाट पुढे किती लांब गेली ते. मी तुमचं नाव म्हणजे-मास्तर ठेवलं आणि आठवड्यात ते सगळ्या वस्तीने उचललं. उज्ज्वलाच्या वेळी मला पाचवा महिना असताना स्वप्नात म्हैस आली. महामायेला पांढरा हत्ती दिसला, मला निदान म्हैस तरी दिसली, असं मी मोठ्या अभिमानाने तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, हत्ती म्हणजे थोर विचाराचं पोटात येणं. मग म्हैस म्हणजे काय, असं मी विचारलं. तर म्हणालात, म्हैस म्हणजे काल ताक जास्त झालं.

पण एकदा तुम्ही चेष्टा सोडून बोलला होतात. शिकवणीहून सायकल ढकलत आलात, ओट्यावर बसलात आणि म्हणालात, “वहिनी, एका पोथीतून सुटलो ते दुसरीत जाऊन बसायला न्हाई. अक्षरन् अक्षर खरं धरलं, तर उद्या ते अक्षर सांगायला परत पुजारी लागंल.”

मी भाकरी थापत होते. थापता थापताच म्हणाले, “आणि सगळ्यालाच म्हणजे लावलं, तर उद्या दुःख म्हणजे पण भलतंच काही तरी सांगाल. मग हातात राहिलं काय?”

तुम्ही विचार करून सांगतो म्हणालात. अजून सांगितलं नाहीत.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नुकतेच मास्तर झाला होतात. औशाहून पेढे आणलेत. आता कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठायला नको, म्हणून गावभर आनंद. दादा म्हणाले, जिल्हा जवळ आलाय, आता पाऊस पण जवळ येईल. पाऊस आला नाही. पुढच्या सालीही नाही. आमच्या गावाला नवा जिल्हा पहिल्यांदा दिसला तो टँकरच्या पाठीवर, ताज्या रंगात लिहिलेला. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. वस्तीतल्या बायकांना कुणी नाही म्हणत नव्हतं, फक्त आमची पाळी सगळ्यांत शेवटी यायची, आणि तोवर तळाला चिखल दिसायचा. आम्ही तो चिखल फडक्यातून गाळून पोरांना पाजायचो. वस्तीत पोरांना जुलाब सुरू झाले होते. उज्ज्वला तेव्हा कडेवर होती. तिचं अंग दोन दिवस तापायचं, एक दिवस निवायचं.

वर्षावास लागला. भिक्खू पावसात हिंडू नयेत म्हणून एका जागी थांबायचे, ते तीन महिने. आपण त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी समाज मंदिरात वाचन ठेवायचो. त्या साली आभाळात ढगाचा तुकडा नव्हता आणि आपण पावसाळ्याचं वाचन करत होतो. धुळीमुळे चंद्र विटकरी दिसायचा. म्हातारी माणसं त्याच्याकडे बघून उठून आत जायची.

तुम्ही वाचायचात आणि शेवटी एक जातककथा सांगायचात. त्या संध्याकाळी जुन्या विहिरीची सांगितलीत. व्यापाऱ्यांचा एक तांडा एका पडक्या विहिरीशी थांबतो. पाण्यासाठी खणायला लागतो. खणता खणता लोखंड लागतं, मग तांबं, मग चांदी, मग रत्नं. त्यांचा म्होरक्या म्हणतो, पुरे आता. कुणी ऐकत नाही. शेवटी पहार नागराजाच्या घराच्या छतातून आत जाते. नाग रागाने एक श्वास सोडतो आणि त्या श्वासाने विहिरीतली सगळी माणसं जागच्या जागी मरून पडतात.

पुस्तक मिटून तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, नाग म्हणजे लोभ. आणि मग सगळ्यांकडे बघून, “आपल्याला रत्नं नकोत, पाणी पाहिजे. त्यामुळे आपल्या विहिरीत नाग न्हाई.”

लोकांना हे फार आवडलं. कारण वस्तीत जुना आड होता. हातपंप आला तेव्हा त्याच्यावर बाभळीच्या काट्या टाकून तो बंद केला होता. आता हातपंप दांडा हलवून हलवून नुसता खोकायचा. त्याच बैठकीत ठरलं, आडातला गाळ काढायचा, खाली झरा असेल, आपलं पाणी आपण काढायचं, कुणाच्या पाळीची वाट बघायची नाही. तुमची गोष्ट ऐकून माणसं ताठ बसली होती, भाऊजी. ते मी पाहिलंय आणि ते कुणी खोटं म्हणू नये.

मला मात्र त्या गोष्टीतली रत्नं दिसली नाहीत, लोभ दिसला नाही. मला नुसता तो श्वास दिसला.

काट्या काढल्या त्या दिवशी आडातून वास आला. कुजलेल्या पानांचा, ओला, थोडा गोडसर. आमची शेळी काठापर्यंत जायची आणि पाय रोवून थांबायची. कुठल्याही कोरड्या आडात पारवे असतात. या आडात एकही नव्हता. मी हे बघत होते आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, तो आहे, तो आत आहे. दुसरं काही सुचण्याइतकी ती बया शहाणी असती तर!

तर मी पोहरा सोडला. दोन पुरुष खोल गेला असेल. ज्योत आधी बारीक झाली, मग आडवी न होताच गेली. वारा नव्हता. वर ओढून परत पेटवली, परत सोडली. परत त्याच जागी गेली. बरोबर त्याच जागी, जणू तिथे कुणी तोंड वर करून बसलं होतं. मी हात जोडले का नाही ते आता आठवत नाही. पळत आल्याचं आठवतं, पोहरा तसाच काठावर टाकून.

त्या संध्याकाळी समाज मंदिरात मी उभी राहिले. सगळ्यांसमोर. कधी नव्हे ते पदर खोचून. आणि म्हणाले, “भाऊजी, उद्या कुणाला उतरवू नका. नाग हाय आत. दोनदा फुंकर मारून दिवा विझवला त्यानं.”

मग तुम्ही हसलात. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. म्हणालात, “वहिनी, दिवा विझवत असंल तर ठेवून घेऊ की त्याला. तेवढंच रॉकेल वाचंल.” मग सगळं मंदिर हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दादांनी मान खाली घातली, म्हणजे तेही हसत होते. आणि मग तुम्ही आवाज जरा बदलून बोललात, की दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली आणि आपल्याच घरातली माणसं नागाला दिवे दाखवतात, तर दुसऱ्यांना काय सांगायचं. खरं होतं ते. म्हणून जास्त लागलं.

मी रागाने घरी आले. दादांशी बोलले नाही. सकाळी भाकरी बांधून दिली तीही न बोलता. त्यांनी दोन-तीनदा माझ्याकडे बघितलं, काहीतरी गमतीचं बोलणार होते, मी पाठ फिरवली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

आडावर तुम्ही सगळ्यांच्या आधी होतात. चपला काढून काठाला लावून ठेवल्यात, जोडीने, नीट. चपला भिरकावून घरात शिरणारा माणूस तुम्ही, म्हणून ते लक्षात राहिलं. दादा म्हणाले, तू राहू दे, तुझा हात कधी कुदळीला लागला नाही, मी उतरतो. तुम्ही ऐकेनात. मास्तरनं सांगितलंय तर पहिलं मास्तरनंच उतरावं, असं म्हणालात आणि माणसं खूश झाली. कमरेला दोर बांधून तुम्ही उतरलात. एकदा आवाज दिलात. दुसऱ्यांदा हाक मारली तर आतून काही आलं नाही.

दोर ओढला तर तो कपारीत अडकला. दादांनी कुणाला काही विचारलं नाही. दगडांच्या खोबणीत पाय देत ते खाली गेले, कमरेला दोर न बांधता. आतून ‘ओढा’ असा त्यांचा आवाज आला. तुम्ही वर आलात, ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. त्यांच्यासाठी दुसरा दोर सोडला. तो नुसता लोंबकळत राहिला. कुणी धरला नाही.

माणसं उतरायला धावली. आणि मी आडाच्या तोंडावर आडवी पडले. हे तुम्हाला लोकांनी सांगितलं असेल, मी कधी सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याला काढायला निघालेल्या माणसांना मी अडवलं. दोघांना चावले. नाग हाय, नाग हाय, असं ओरडत होते म्हणे. कुणालाही उतरू दिलं नाही. शेवटी गळ टाकून त्यांना वर काढलं, तोवर सगळं संपलं होतं. नंतर औशाहून एक माणूस आला, त्याने आडात डोकावून वायू असं म्हटलं आणि कागदावर तसं लिहून घेतलं. मला वाटलं, नागाचंच सरकारी नाव असेल.

आता बघा, त्या बयेच्या मूर्खपणाने त्या दिवशी चार-पाच माणसं वाचली असतील. आणि तिच्या मूर्खपणानेच एक गेलं का, हे मी त्या दिवसापासून विचारत आलेय. माणसं मला म्हणायची, तू तर सांगितलं होतंस बाई. मला ते ऐकवायचं नाही. मी काय सांगितलं होतं? नाग सांगितला होता.

तुम्ही दवाखान्यातून आलात आणि माझ्या पायाशी येऊन बसलात. तासभर. सुनंदा, तुमची नवी नवरी, दारात उभी होती, तिच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. ती माझ्याकडे बघायची आणि खाली बघायची. मला वाटलं, पोर भ्यालीय.

त्या दिवसापासून तुमचा ‘म्हणजे’ गेला. कुणी अर्थ विचारला तर म्हणायचात, वाचा, तुम्हीच बघा. वर्षभरात बदली मागून घेऊन किनवटला गेलात, जंगलातल्या निवासी शाळेवर. लोक म्हणाले मास्तर पळाला. मी म्हणाले, त्याला हा आड बघवत नाही, जाऊ द्या. आणि तुम्ही एकटे गेला नाहीत. उज्ज्वला शाळेच्या वयाची झाली तशी तिला पण नेलंत. तुमच्या दोघांच्या ताटातलं खाऊन ती वाढली. ती आज जी कुणी आहे ती तुमच्या दोघांमुळे, हे मी स्टँपावर लिहून द्यायला तयार आहे. सुट्टीला यायचात तेव्हा पिशवीभर चारोळी, मधाची बाटली, आणि माझ्यासाठी कुठली तरी नवी थट्टा. आल्याबरोबर विचारायचात, काय करून राहिल्या वहिनी? मी म्हणायचे, जगून राहिले. तुम्ही हसायचात, पण चष्मा काढण्याइतकं परत कधी हसला नाहीत.

किनवटला मी एकदा आले होते, आठवतंय? सागाची पानं पडायचे दिवस. तुम्ही पोरांना तीच गोष्ट सांगत होतात, जुन्या विहिरीची. मी व्हरांड्यात थांबले. रत्नं आली, नाग आला, श्वास आला. मी ‘म्हणजे’ची वाट बघत होते. एका मुलीने विचारलं, गुरुजी, नाग खरा होता? तुम्ही म्हणालात, “खरा होता. जुन्या आडात असतोच. कुणी उतरायचं न्हाई, कितीही मोठ्या माणसानं सांगितलं तरी उतरायचं न्हाई.” पोरं घाबरून एकमेकांना चिकटली. तुम्ही त्यांना तसंच घाबरलेलं राहू दिलंत.

मला वाटलं, माझं मन राखायला बदललात. केवढी फुशारकी माझी! म्हातारी होत आले तरी ती बया आतून जात नव्हती.

मग तो मेणबत्तीचा दिवस. उज्ज्वला सातवीत होती, सुट्टीला गावी आली होती. आई, तुला गंमत दाखवते म्हणाली. मेणबत्ती लावली, वर काचेचा पेला उपडा ठेवला. ज्योत बारीक झाली आणि आडवी न होताच गेली. पोरगी म्हणाली, हवा संपली की दिवा जातो, आणि जिथं दिवा जातो तिथं माणूस पण जगत नाही. मी चुलीपाशी बसून राहिले. भाकरी जळाली. नंतर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, काकांनी शिकवलं का हे? म्हणाली, “न्हाई, विज्ञान काकाच घेतात, पण हा धडा त्यांनी दुसऱ्या सरांना दिला. दरवर्षी देतात म्हणे.”

त्या दिवशी मला माझा गुन्हा सापडला. दिवा विझला, एवढंच मी सांगायला हवं होतं. दोन शब्द. तुम्ही विज्ञानाचे मास्तर, तुम्हाला तेवढे पुरले असते. पण मी त्यात नाग घातला, फुंकर घातली, आणि तुम्हाला नागच ऐकू आला. तुम्हाला बाई दिसली, वहिनी दिसली, अंधश्रद्धा दिसली. दिवा दिसला नाही. मी शब्दाला चिकटले, तुम्ही अर्थाला, आणि आपल्या दोघांच्या मधे ती चिमणी विझून पडलेली होती. तिच्याकडे कुणीच बघितलं नाही. असं मी मनाशी ठरवून टाकलं. आणि मग वाटलं, धडा दुसऱ्याला देतात म्हणजे त्यांनाही नंतर कधीतरी हे उमजलं असेल. बिचारे. माझ्यापेक्षा जास्त जळत असतील.

कितीदा वाटलं विचारावं. दादांच्या स्मृतिदिनाला तुम्ही दरवर्षी यायचात, वंदना झाली की आपण दोघंच ओट्यावर बसायचो. मी म्हणायचे, भाऊजी, एक विचारू? तुम्ही पटकन म्हणायचात, चहा टाका आधी. मी चहा टाकायचे. चहा होईपर्यंत तुम्ही उठून आडाकडे जाऊन यायचात, त्याच्यावर आता काँक्रीटचं झाकण आहे, त्या झाकणावर पोरं बसतात. परत येऊन म्हणायचात, उन्हं फार आहेत. आणि मी तुमची दया येऊन गप्प बसायचे. इतकी वर्षं मी तुमच्यावर दया केली, भाऊजी. माझा दोष माझ्यापाशी ठेवला, तुम्हाला कळू दिला नाही, की त्या दोन शब्दांनी सगळं वाचलं असतं.

शेवटच्या वर्षी नांदेडला तुमच्या घरी आले तेव्हा तुम्हाला बोलायला दम पुरत नव्हता. नाकाला नळी होती. मी उशाशी बसले तर माझा हात धरलात. वहिनी, असं म्हणालात. मग थांबलात. मी म्हणाले, काय? तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, थकलात. सुनंदा दारात उभी होती, तशीच, पुढे न येणारी.

तुमच्या जलदान विधीला माणसं मावत नव्हती. भंतेंनी पाणी ओतलं, पेला भरून खालच्या ताटात वाहिलं. तुम्ही असता तर पुटपुटला असता, पाणी म्हणजे दिलेलं पुण्य, ते काही वरती पोचत नाही. मी तुमच्या वतीने पुटपुटून घेतलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

मग लोक बोलले. तुमचा एक जुना विद्यार्थी चांगला बोलला, पाठ करून आल्यासारखा. शेवटी म्हणाला, गुरुजींनी दुष्काळात स्वतः आडात उतरून नागाची भीती मोडून काढली, स्वतःचा भाऊ गमावला पण विचार सोडला नाही. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या, दादांचं नाव निदान असं तरी निघालं म्हणून. सुनंदाने वाजवल्या नाहीत. ती उठून आत गेली.

सगळे गेल्यावर मी तिला शोधत स्वयंपाकघरात गेले. ती उरलेला भात पातेल्यातून काढत होती. मी म्हणाले, सुनंदा, एक सांगते, तो दोष भाऊजींचा नव्हता, माझा होता. मी नाग म्हणाले, नुसतं दिवा म्हणाले असते तर त्यांना कळलं असतं. सगळं सांगितलं तिला, मेणबत्तीपासून. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं.

तिने हात धुतले. पदराला पुसले. माझ्याकडे न बघता बोलली. तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, त्यात एक शब्द माझा नाही, आणि तुम्ही त्याला कुठलाही ‘म्हणजे’ लावायला आता इथे नाहीत.

“आक्का, त्यान्ला कळलं होतं. मंदिरातून आले, ताटावर बसले आन् घास हातातच राहिला. म्हणले, आत हवा न्हाई गं, वहिनी बरोबर बोलल्या. मी म्हणलं, मग जावा, दादाला सांगा. तर ताट बाजूला सारलं. मग म्हणले, सगळ्या वस्तीपुढं हसलोय मी तिला, आता कोणत्या तोंडानं थांबा म्हणू. उद्या मीच पहिला उतरतो, म्हणजे झालं.”